द्राक्षं गेली तरी स्तुती? देवाच्या स्तुतीत ताकद कसली असते, साध्या भाषेत

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे माझ्या मामाची बाग आहे, अडीच एकर, थॉमसन जातीची द्राक्षं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, मार्च महिना, माल काढायला जेमतेम आठवडा राहिलेला, व्यापारी बघून गेलेला, भाव ठरलेला, आणि एका संध्याकाळी वीस मिनिटं गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकरोडहून तिकडे गेलो, आमच्या चर्चचे पाळक आणि मंडळीतली चार-पाच माणसं, कारण घरगुती प्रार्थना आधीच ठरलेली होती. ओट्यावर रिकामे क्रेट रचून ठेवलेले, बागेतून आंबूस वास यायला लागलेला, फुटलेल्या मण्यांवर माश्या, आणि मामा मांडवाच्या तारेला धरून उभा, कुणाशी बोलत नव्हता. पाळकांना एवढंच म्हणाला, "प्रार्थना करा, पण आज गाणं नको."

कुणी आग्रह केला नाही. प्रार्थना झाली, मामी चहा ठेवायला आत गेली आणि थोड्या वेळानं आतून तिचा आवाज यायला लागला, गाणंच होतं, अगदी हळू, मधेच भांड्यांच्या आवाजात बुडणारं. पहिलं कडवं ती एकटीच म्हणाली. दुसऱ्याला माझ्या आईनं साथ धरली. तिसऱ्या कडव्याला बाहेरून मामाचा आवाज आला, फाटलेला, सुरात अजिबात नसलेला, पण आला.

द्राक्षं काही परत आली नाहीत. सोसायटीचं कर्ज होतं तेवढंच राहिलं. मग त्या दिवशी झालं काय? "स्तुतीमध्ये सामर्थ्य आहे" हे वाक्य आपण चर्चमध्ये इतक्या वेळा ऐकतो की ऐकायचं बंदच होतं, पण सामर्थ्य म्हणजे काय, ते कुठून येतं, कशावर काम करतं हे कुणी नीट उलगडून सांगत नाही, मग ज्याला जे वाटतं ते तो धरून बसतो आणि त्यातून काही लोकांना फार लागतं सुद्धा, त्याबद्दल पुढे लिहितो. मी पाळक नाही, सातपूरला कंपनीत कामाला आहे. पण या प्रश्नानं मला बरीच वर्षं सोडलं नाही, त्यामुळे वचन वाचता वाचता आणि जाणत्या लोकांना विचारता विचारता जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण आभार, स्तुती, आराधना हे सगळं एकाच पिशवीत टाकतो. आभार म्हणजे देवानं जे केलं त्याबद्दल बोलणं, नोकरी लागली, ताप उतरला, पोरगी सुखरूप घरी आली. स्तुती म्हणजे देव कसा आहे ते बोलणं, तो विश्वासू आहे, दयाळू आहे, पवित्र आहे, आणि हे माझ्या घरात आज काय चाललंय त्यावर अवलंबून नसतं. आराधना म्हणजे त्याच्यापुढे सगळाच्या सगळा माणूस वाकणं, गाणं संपल्यावर सोमवारी कामावर सुद्धा. या तिन्हींच्या सीमा काही पक्क्या नाहीत, बायबलमध्येही त्या एकमेकींत मिसळतात, पण मधला फरक लक्षात ठेवा कारण सगळी मेख तिथेच आहे. आभाराला कारण लागतं आणि कधी कधी कारण सापडत नाही. गारा पडल्यावर मामाला आभाराचं कारण सापडत नव्हतं, आणि ते त्याच्यावर लादण्यात काही अर्थ नव्हता.

जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, बहुतांशी हिब्रू भाषेत लिहिला गेला आणि त्यात स्तुतीसाठी एक शब्द नाही, बरेच आहेत. "हालेल" म्हणजे मोकळ्या गळ्यानं गौरव करणं, त्याच्यापुढे "याह" म्हणजे परमेश्वराच्या नावाचं छोटं रूप लावलं की "हालेलुया", म्हणजे "तुम्ही सगळे परमेश्वराची स्तुती करा". हे अनेकवचन आहे बरं का, एकट्यानं म्हटलं तरी त्यात बाकीच्यांना हाक आहे. "यादा" म्हणजे हात पुढे करून कबूल करणं, उपकार मानणं. "बारख" म्हणजे धन्यवादित म्हणणं, याच शब्दाची गुडघ्याच्या शब्दाशी जवळीक आहे. "जामर" म्हणजे तारा छेडून गाणं. म्हणजे गळा, हात, गुडघे, बोटं, सगळं कामाला लागतं, डोक्यात विचार करून झाली स्तुती असं नाही.

त्यातल्या "यादा" ची एक गोष्ट मला फार जवळची आहे. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 29 व्या अध्यायात लेआ आहे, याकोबाची नावडती बायको. तिला मुलं होत गेली तशी ती नावं ठेवत गेली, पहिला रऊबेन, आता तरी नवरा माझ्यावर प्रीती करेल म्हणून. दुसरा शिमोन, मी नावडती आहे हे देवानं ऐकलं म्हणून. तिसरा लेवी, आता तरी नवरा माझ्याशी जडून राहील म्हणून. तिन्ही नावांत एकच दुखणं, वाचताना गलबलून येतं. आणि चौथ्या वेळी ती म्हणते, आता मी परमेश्वराची स्तुती करीन, आणि याच "यादा" वरून नाव ठेवते यहूदा. नवरा बदललेला नाही, त्याचा जीव अजून राहेलवरच आहे, लेआच्या घरात काहीही सुधारलेलं नाही. पण चौथ्या नावात नवऱ्याचा उल्लेखच नाही. तिची नजर पहिल्यांदा दुसरीकडे गेली. आणि ज्या वंशात पुढे दावीद आला, येशू ख्रिस्त आला, तो याच यहूदाचा वंश. स्तुतीच्या सामर्थ्याबद्दल मला कुणी एकच जागा दाखव म्हटलं तर मी यरीहोच्या कोसळलेल्या भिंती वगैरे नाही दाखवणार, मी लेआ दाखवीन.

आता एक प्रश्न जो बरेच जण मनात ठेवतात पण विचारत नाहीत, की देवाला एवढी स्तुती लागते कशाला? माणूस असं सारखं माझं कौतुक करा म्हणाला तर आपण त्याच्यापासून लांब राहू. 50 व्या स्तोत्रात देव स्वतःच याचं उत्तर देतो, की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातलं सगळं माझंच आहे. म्हणजे त्याला कमी काही नाही जे आपल्या गाण्यानं भरून निघेल. मग? मी लहान असताना आमच्याकडे जेलरोडला रात्रीचे लाइट जायचे, आणि माझा धाकटा भाऊ अंधारात "आई, आई, आई" करत राहायचा, रडत नव्हता, नुसतं म्हणत राहायचा. आईला काही त्यानं हाक मारल्यामुळे आईपण मिळत नव्हतं. पण प्रत्येक हाकेला त्याचा आवाज खाली यायचा, आणि ती मेणबत्ती शोधत शोधत त्याच्याकडेच येत असायची. या दोन गोष्टी एकाच वेळी होत होत्या, पोराचा जीव शांत होत होता आणि आई येत होती. स्तुतीत मला या दोन्ही बाजू दिसतात. काही लोक फक्त पहिली बाजू सांगतात, की गाण्यानं मन हलकं होतं, श्वास लांब सुटतो, टेन्शन कमी होतं. ते खरं आहे, पण तेवढंच असेल तर कुठलंही गाणं चालेल. ख्रिस्ती माणूस दुसरी बाजूही मानतो, की समोर खरंच कुणीतरी आहे आणि तो येतो. 22 व्या स्तोत्रात म्हटलंय की देव इस्राएलाच्या स्तवनांमध्ये विराजमान आहे, म्हणजे स्तवन हेच जणू त्याचं आसन.

आणि हे वाक्य कुठल्या स्तोत्रात आहे ते बघा. ज्याची सुरुवात "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" अशी होते, त्याच स्तोत्रात. तिसऱ्याच ओवीत. येशूनं वधस्तंभावर जे शब्द उच्चारले ते याच स्तोत्राचे पहिले शब्द. म्हणजे सोडून दिल्याचा आक्रोश आणि स्तवनांत बसलेला देव हे एकमेकांपासून दोन ओळींवर आहेत.

इथे एक मोठा गैरसमज मोडायला हवा. पुष्कळ विश्वासणाऱ्यांना वाटतं की स्तुती करायची म्हणजे दुःख लपवायचं, चेहरा हसरा ठेवायचा, "सगळं छान आहे, प्रेझ द लॉर्ड" म्हणायचं. बायबलमधलं गाण्यांचं पुस्तक म्हणजे स्तोत्रसंहिता, 150 स्तोत्रं, आणि त्याचं हिब्रू नाव "तेहिल्लीम", अर्थ स्तुतिगीतं. पण उघडून बघा, त्यात ढसाढसा रडणारी स्तोत्रं किती आहेत. 13 वं स्तोत्र फक्त सहा ओव्यांचं, त्यात "कोठवर, कोठवर" असं चार वेळा आहे, देवाला सरळ विचारलंय की मला विसरलास का, आणि शेवटच्या ओवीत तोच माणूस म्हणतो मी परमेश्वराचं गीत गाईन. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही उजेडाची ओळ नाही. आणि ज्यांनी ही सगळी एकत्र बांधली त्यांनी याही स्तोत्रासकट पुस्तकाचं नाव स्तुतिगीतं ठेवलं! मला याचा फार आधार वाटतो. देवापुढे खरं बोलणं हेही त्याला देव मानणंच आहे, कारण जो ऐकतच नाही त्याच्याकडे कुणी तक्रार घेऊन जात नाही. मामाचं "आज गाणं नको" हे सुद्धा मला आता त्या स्तोत्रांतलंच वाटतं.

हबक्कूक संदेष्ट्याचं तर नाशिकच्या माणसाला वेगळं समजवायची गरजच नाही. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, अंजीर फुललं नाही, द्राक्षीच्या वेलाला फळ नाही, जैतुनाचं उत्पन्न बुडालं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात कळप नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. यादी बघा कशी आहे, एक एक करून मोजलंय, शेतकरी पंचनाम्याला सांगतो तसं. नुकसान लहान करून सांगितलेलं नाही. ती सगळी यादी पूर्ण झाल्यावर मग "तरी" येतो. हा "तरी" म्हणजे स्तुतीचा कणा आहे. नुसतं "म्हणून" वर चालणारी स्तुती, म्हणजे तू दिलंस म्हणून मी गातो, ती चांगलीच आहे पण ती पहिल्या गारपिटीत झोपते. प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असं लिहिलंय, त्यातला "स्थितीत" हा शब्द हळू वाचा, गारा पडल्या याबद्दल आभार मान असं कुणी मामाला सांगितलं असतं तर ते क्रूर झालं असतं. गारांमध्ये उभं राहून सुद्धा देव देवच आहे हे म्हणणं वेगळं.

आता त्या दोन गोष्टी, ज्या स्तुतीवरच्या प्रत्येक संदेशात येतात. पहिली यहूदा देशाच्या यहोशाफाट राजाची, "2 इतिहास" या पुस्तकातला 20 वा अध्याय. मवाब, अम्मोन आणि सेईर डोंगराकडचे लोक चालून आले, आणि राजानं सैन्याच्या पुढे गाणारे ठेवले, "परमेश्वराचा धन्यवाद करा, कारण त्याची दया सनातन आहे" असं गात ते निघाले, आणि शत्रू आपसातच लढून संपले, लूट गोळा करायला तीन दिवस लागले, आणि त्या खोऱ्याचं नाव पडलं बराखा. ही गोष्ट सांगताना लोक सरळ गाणाऱ्यांवर उडी मारतात. पण आधीचं वाचा. राजा आधी घाबरला, तसं स्पष्ट लिहिलंय. मग सगळ्या यहूदात उपास जाहीर केला, लोक बायकापोरांसकट परमेश्वरापुढे उभे राहिले, राजा म्हणाला काय करावं ते आम्हाला कळत नाही पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. मग देवाचं वचन आलं, की ही लढाई तुमची नाही. आणि त्यानंतर गाणं. म्हणजे गाणारे पुढे ठेवणं ही युद्धाची युक्ती नव्हती, जे वचन मिळालं त्यावर टाकलेला तो विश्वास होता, तलवारीच्या आधी.

दुसरी गोष्ट पौल आणि सीला यांची, प्रेषितांची कृत्ये अध्याय 16, आणि ही वाचताना मला नेहमी आमची जेलरोडची ती लांबच लांब भिंत आठवते, नाशिकरोड सेंट्रल जेलची, लहानपणापासून तिच्याकडेनं येणं-जाणं आहे. फिलिप्पै शहरात या दोघांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते आणि गाणी गात होते. पुढे भूकंप, दारं उघडली, बेड्या गळाल्या, ते सगळ्यांना पाठ असतं. मी मात्र त्याच्या आधीच्या चार शब्दांवर अडकतो, "बंदिवान ते ऐकत होते". भूकंपाच्या आधी. अजून काहीच चमत्कार झाला नव्हता, पाठी सोललेल्या होत्या, पाय अडकलेले होते, आणि अंधारात कितीतरी माणसं जागी राहून हे गाणं ऐकत होती. आणि दारं उघडल्यावर कुणीच पळून गेलं नाही, पौल ओरडून सांगतो की आम्ही सगळे इथेच आहोत, म्हणजे ते बाकीचे कैदी सुद्धा. का थांबले असतील ते? तिथं लिहिलेलं नाही. पण मला वाटतं त्या गाण्यात त्यांना असं काहीतरी ऐकू आलं जे उघड्या दारापेक्षा मोठं होतं. तुरुंगाचा अधिकारी कैदी पळाले असं समजून तलवार उपसून जीव द्यायला निघाला होता, त्याचा जीव वाचला, त्यानं त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरादारासकट बाप्तिस्मा घेतला. भूकंपानं भिंती हलल्या, पण त्या माणसाचं घर बदललं ते भूकंपानं नाही.

पण यातून "स्तुती केली की दार उघडतंच" असा फॉर्म्युला काढायचा नाही. हे मी जोर देऊन सांगतो कारण आमच्या घरानं त्याचा चटका खाल्लाय. प्रेषितांच्या कृत्यांत 12 वा अध्याय बघा, हेरोद राजानं येशूचा शिष्य याकोब याला तलवारीनं मारलं आणि पेत्राला मात्र देवदूतानं तुरुंगातून सोडवलं, एकाच अध्यायात, एकाच मंडळीची माणसं. याकोबाची स्तुती कमी पडली होती का? पौल स्वतः पुढे पुन्हा कैदेत होता आणि तिथे भूकंप आला नाही, तिथून त्यानं पत्रं लिहिली आणि त्यात आनंद करा म्हणून लिहिलं.

माझ्या त्याच धाकट्या भावाची किडनी काही वर्षांपूर्वी खराब झाली. आम्ही धावलो सगळीकडे, डॉक्टर, तपासण्या, प्रार्थना, सगळं. एका मैदानावरच्या सभेला आई त्याला घेऊन गेली, मोठा स्टेज, मोठे स्पीकर, आणि तिथल्या उपदेशकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना आईला म्हणाले, "तुमच्या घरात स्तुती कमी पडतेय, म्हणून अडलंय." एक वाक्य. त्या माणसाला ते आता आठवत सुद्धा नसेल. आईनं त्यानंतर जवळजवळ चार महिने गायलं नाही. जी बाई पहाटे पाचला कणीक मळताना गायची, जिच्या आवाजानं आम्हाला जाग यायची, ती गप्प झाली, कारण तिला वाटायला लागलं की आपण गातो ते मोजलं जातंय आणि ते पुरत नाहीये. स्तुतीचं असं वजनकाट्यावर चढवणं हे मला पापच वाटतं, साध्या शब्दांत सांगतो. यात देवाचा बाजारातला व्यापारी होतो आणि आजारी लेकराची आई गुन्हेगार ठरते. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाला तुझंच काहीतरी चुकलं म्हणत त्याच्या मित्रांनी हेच केलं होतं, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला, ईयोबावर नाही.

आईला परत कुणी गायला लावलं? मोठं काही झालं नाही. मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई यायच्या, पंच्याऐंशीच्या आसपास, दात नाहीत, त्या आल्या आणि म्हणाल्या तुला म्हणवत नसेल तर तू नको म्हणू, मी म्हणते तू नुसती बस. आणि रोज दुपारी अर्धा तास येऊन गायच्या, 136 वं स्तोत्र वाचायच्या, ज्यात 26 ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे" येतं. नवव्या-दहाव्या दिवशी आई ते धृपद म्हणायला लागली. याला मी मंडळीचं खरं काम मानतो. माझा विश्वास आज उभा राहत नसेल तर शेजारच्या बाकावरच्या माणसाचा आवाज मला उचलून धरतो, पुढच्या महिन्यात कदाचित त्याला माझा लागेल. जुन्या करारात उपकारस्तुतीचं एक अर्पण होतं, "तोदा", आणि लेवीय या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात नियम आहे की त्याचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. आता अख्खं जनावर एक माणूस एका दिवसात कसं खाणार? साहजिकच चार घरं बोलवावी लागणार, आणि त्यांना सांगावं लागणार की देवानं माझ्यासाठी काय केलं. आपल्याकडे कुणी आजारातून उठलं की घरी प्रार्थना ठेवतात, साक्ष देतात आणि मग मटण-भात असतो, मला तर ते तोदाचंच पुढचं रूप वाटतं.

एक बाजू अशी आहे जिच्याबद्दल आपण कमी बोलतो. आमोस संदेष्ट्याच्या 5 व्या अध्यायात देव म्हणतो तुमच्या गाण्यांचा गलबला माझ्यापुढून दूर करा, तुमच्या वीणांचं वादन मी ऐकणार नाही, आणि लगेच पुढे, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. म्हणजे असं गाणं असतं जे देवाला ऐकवत नाही, गाणारा बेसूर आहे म्हणून नाही तर त्यानं गरिबाला तुडवलंय म्हणून. आमच्या भागात बागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, छाटणीपासून माल काढेपर्यंत. त्या गारपिटीच्या वर्षी मामाकडे दहा-बारा माणसं होती, डिपिंग-थिनिंगची, म्हणजे घड औषधात बुडवणं आणि मणी विरळ करणं या कामाची, मजुरी द्यायची बाकी होती. मामीनं पाटल्या गहाण ठेवल्या आणि सगळ्यात आधी मजुरी चुकती केली. मला हे तिच्याकडून नाही कळलं, पुढच्या वर्षी त्यातल्याच एका बाईनं सांगितलं. स्वयंपाकघरातलं ते हळू गाणं आणि या पाटल्या, मला दोन्ही एकच वाटतात आता. इब्री लोकांच्या पत्रात 13 व्या अध्यायात "स्तुतीचा यज्ञ" हा शब्द येतो, ओठांचं फळ म्हणून, आणि लगेच पुढच्या ओवीत चांगलं करायला आणि दान द्यायला विसरू नका, असल्या यज्ञांनी देव संतुष्ट होतो.

वाद्यांवरून मंडळ्यांमध्ये भांडणं होतात ते मला पटत नाही. कुणाला कीबोर्ड आणि ड्रम हवे, कुणाला टाळ आणि खंजिरी, कुणाला जुनं गीतांचं पुस्तक आणि उभं राहून शांतपणे. 150 व्या स्तोत्रात शिंग, सतार-वीणा, डफ, तंतुवाद्यं, सनई, झांजा सगळं आहे आणि नाचही आहे. नाशिकच्या माणसानं तर हे विसरू नये की रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनाच्या वळणात आणली, मराठी माणसाला त्याच्याच चालीत स्तुती करता यावी म्हणून, आणि लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर आपल्या नाशिकजवळचं जलालपूर. परकी चाल वाईट असं नाही, पण ज्या भाषेत आपण रडतो त्या भाषेत स्तुती आतपर्यंत जाते.

बरं, ज्याला सुरुवात करायची त्यानं काय करायचं? इच्छा होईल मग करू असं ठेवू नका, एवढंच मी आधी सांगेन. यशयाच्या 61 व्या अध्यायात "खिन्न आत्म्याऐवजी प्रशंसारूप वस्त्र" असा शब्द आहे. वस्त्र अंगात घालावं लागतं. निफाडच्या थंडीत सकाळी स्वेटर घातल्या घातल्या ऊब येत नाही, पाच-दहा मिनिटं तो थंडच लागतो, म्हणून कुणी काढून टाकत नाही. हे ढोंग आहे का, मनात नसताना म्हणणं? 103 व्या स्तोत्रात दावीद स्वतःच्याच जिवाला सांगतो की हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे उपकार विसरू नकोस. याचा अर्थ त्याचा जीव विसरत होता, मागे ओढत होता, आणि त्याला हात धरून आणावं लागत होतं. ढोंग लोकांना दाखवायला असतं, इथे तर तो आपल्या जिवाशी बोलतोय.

मोठ्यानं म्हणा, निदान ओठ हलवा, मनातल्या मनात विचार लगेच भरकटतो. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रातले उसने घ्या, त्यासाठीच ते आहेत. आणि आधी देव कसा आहे ते, मग आपली मागणी, हा क्रम एक महिना ठेवून बघा, मागण्याच बदलतात हे मी स्वतः अनुभवलंय. मी आधी प्रमोशन मागायचो, नंतर साहेबाशी बोलताना खोटं बोलावं लागू नये असं मागायला लागलो. ज्या दिवशी काहीच निघत नाही त्या दिवशी येशूचं ते शेवटचं जेवण आठवा. मत्तय आणि मार्क दोघेही लिहितात की ते गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघून गेले. ते जेवण वल्हांडण या यहूदी सणाचं होतं, आणि त्या जेवणाशी 113 ते 118 ही स्तोत्रं गायची यहूदी रीत आहे, त्यामुळे बरेच अभ्यासक मानतात की त्या रात्री हीच गायली असावीत. 118 व्या स्तोत्रात आहे की बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड कोनशिला झाला, आणि हा दिवस परमेश्वरानं केलाय, यात आपण आनंद करू. थोड्याच वेळात धरून नेणार हे माहीत असलेला माणूस हे गात जिना उतरला असेल. त्याच्या मागे आपला आवाज जोडायचा, बाकी काही नाही.

भाऊ अजून डायलिसिसवर आहे, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. आई त्याच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसते आणि हळू आवाजात 103 वं म्हणत असते, नर्स ओरडू नये म्हणून अगदी हळू. पलीकडच्या बेडवर सिन्नरकडचे एक आजोबा असतात, माळकरी, तुळशीची माळ गळ्यात, पंढरीला पायी गेलेले. तीन-चार आठवडे ते डोळे मिटून पडून असायचे, आम्हाला वाटायचं झोपलेत. मागच्या मंगळवारी आई मधेच थांबली, घोटभर पाणी प्यायला, तर आजोबा डोळे न उघडता म्हणाले, "का हो ताई, थांबल्या का? जरा मोठ्यानं म्हणा, इकडं नीट येत नाही ऐकू."